केपटाऊन ते मैत्री: अंटार्क्टिकाला विमानाने जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

अंटार्क्टिकावरच्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या आपल्या केंद्रांवर उन्हाळी मोहिमेत कामाला जाणारे मराठी विद्यार्थी, संशोधक आणि त्यांच्या घरची माणसं दरवर्षी तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. नियम मोसमागणिक थोडेफार बदलतात, तेव्हा मोहीम चालवणाऱ्या गोव्यातल्या केंद्राकडून येणारी सूचना आणि इथला मजकूर यांत फरक दिसला तर सूचनाच खरी धरा.

एक गोष्ट मात्र आधीच मनाशी पक्की करा. या प्रवासात तारीख हवामान ठरवतं आणि काय न्यायचं ते वजन ठरवतं. प्रयोगाची आखणी करतानाच या दोन गोष्टी ज्यांनी धरल्या, त्यांच्या हाती काहीतरी लागतं. बाकीच्यांचे हाल होतात, आणि ते पाहवत नाहीत.

मैत्री नेमकं आहे कुठे?

दक्षिण अक्षांश सुमारे ७०°४५′, शिरमाकर ओॲसिसमध्ये. चहूबाजूंनी बर्फ आणि मधे जेमतेम ३५ चौरस किलोमीटर उघडे खडक, त्यांत शंभरावर लहानमोठी तळी. १९३९ मध्ये जर्मन मोहिमेच्या वैमानिकाने हा भाग विमानातून पाहिला आणि त्याचंच नाव या टेकड्यांना मिळालं. म्हणजे ही जागा माणसाला पहिल्यांदा दिसली तीच मुळी विमानातून. आपलं पहिलं केंद्र ‘दक्षिण गंगोत्री’ समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर, म्हणजे हिमपट्टावर, बांधलं होतं, ते हळूहळू बर्फाखाली गाडलं गेलं. तो धडा घेऊन १९८९ मध्ये मैत्री खडकावर उभं राहिलं.

भारतातून तिथे जातात कसे?

आधी नेहमीच्या प्रवासी विमानाने केपटाऊन. मुंबईहून किंवा गोव्याहून थेट विमान नाही, आखातात किंवा आफ्रिकेत कुठेतरी बदलावं लागतं. केपटाऊनहून पुढचा प्रवास ‘ड्रोमलान’ या व्यवस्थेतून होतो. अंटार्क्टिकाच्या त्या भागात काम करणाऱ्या अकरा देशांनी मिळून चालवलेलं हे हवाई जाळं आहे आणि भारत त्यातला एक सदस्य आहे. केपटाऊन ते ‘नोवो’ची, म्हणजे मैत्रीशेजारच्या रशियन नोवोलाझारेव्स्काया केंद्राची, बर्फाची धावपट्टी हे अंतर सुमारे ४,२०० किलोमीटर, मालवाहू इल्युशिन विमानाने साधारण सहा तास. मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

पूर्वी असं नव्हतं. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखालची पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. महिन्याभराहून अधिक काळ फक्त जायला.

अर्ज कुठे करायचा? खर्च कोण करतं?

गोव्यात वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, ते पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. मोहिमेसाठी ते संशोधन प्रस्ताव मागवतं. प्रस्ताव संस्थेमार्फत जातो, तेव्हा एकट्याने अर्ज करण्यापेक्षा आपल्या विद्यापीठातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या मार्गदर्शकाला गाठा. प्रस्ताव मंजूर झाला की मोहिमेतला प्रवास, राहणं, जेवण आणि ध्रुवीय कपडे हे केंद्र पाहतं. उपकरणं आणि परत आल्यावरचं विश्लेषण हा खर्च संस्थेने उचलायचा असतो. मंजुरी आली म्हणून हुरळून जाऊन हा दुसरा भाग विसरू नका. नमुने आणून ठेवलेत आणि तपासायला पैसे नाहीत, अशी पाळी येऊ देऊ नका.

वैद्यकीय तपासणीत काय बघतात?

हृदय, फुप्फुसं, साखर, रक्तदाब, दात, सगळं. शिवाय मानसिक तपासणी. दातांकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. किडलेली दाढ घरी त्रासदायक असते, तिथे ती सगळं काम बंद पाडते. तपासणीची तारीख यायच्या आधीच दंतवैद्याकडे जाऊन या.

त्यानंतर उत्तराखंडात औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या देखरेखीखाली बर्फावरचं प्रशिक्षण असतं. दोरावर चढणं-उतरणं, बर्फाच्या भेगेत पडलेल्याला वर काढणं, तंबूत राहणं. प्रशिक्षण म्हणून ते महत्त्वाचं आहेच, पण पुढचे काही महिने ज्यांच्याबरोबर काढायचे ती माणसं तिथे पहिल्यांदा भेटतात. कोण थकल्यावर गप्प होतं आणि कोण चिडतं, ते तिथेच कळतं.

अंटार्क्टिकाचा व्हिसा लागतो का?

अंटार्क्टिकाचा नाही, कारण तिथे कुणाची सत्ता नाही. मात्र भारतीय अंटार्क्टिक कायदा, २०२२ नुसार परवाना लागतो आणि तो मोहिमेमार्फत होतो.

दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा हवाच, आणि तो एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. केपटाऊनहून बर्फावर जाताना तुमच्या पासपोर्टवर देश सोडल्याचा शिक्का बसतो आणि परत येताना पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतताना पंचाईत. व्हिसा हातात पडल्या पडल्या त्यावर काय छापलंय ते वाचा. पीतज्वर असलेल्या आफ्रिकी देशातून विमान बदलणार असाल तर लसीचं प्रमाणपत्र मागू शकतात आणि ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य होतं. शेवटच्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही.

सामान किती नेता येतं?

वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. इल्युशिन हे अवाढव्य विमान आहे, तरी नोवोला जाताना ते परतीचं इंधनही पोटात घेऊन निघतं. तिथे धावपट्टी बंद आढळली तर वरूनच माघारी फिरता यावं म्हणून. इंधनाचं ओझं वाढलं की माणसांच्या आणि पेट्यांच्या वाट्याला येणारं वजन घटतं. शिवाय त्याच विमानात इतर देशांची माणसं आणि त्यांची उपकरणं असतात.

म्हणून सामानाचे तीन भाग करा. जड आणि उशिरा पोचलं तरी चालेल ते जहाजाने, काही महिने आधी गोव्यात जमा करून. अंगावर लागणारं आणि ज्यावाचून काम सुरूच होणार नाही ते विमानात. ध्रुवीय कपडे, औषधं, चष्मा आणि मोजमापाचा गाभा असलेला सेन्सर किंवा डेटालॉगर हातातल्या पिशवीत, कारण पेट्या कधी कधी पुढच्या फेरीत येतात. प्रत्येक पेटीवर वजन, मापं आणि आतली यादी लिहा. ‘किरकोळ सामान’ असं लिहिलेली पेटी कस्टममध्ये हमखास उघडतात.

मला विचाराल तर उपकरण दुसरं नेण्यापेक्षा त्याच्या केबल आणि कनेक्टर दुप्पट न्या. थंडीत केबलचं आवरण कडक होऊन तडकतं, उपकरण सहसा टिकतं.

बॅटऱ्यांचं काय?

केपटाऊनपर्यंतचं विमान प्रवासी असतं, त्याला नेहमीचे नियम लागू. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवरबँक फक्त हातातल्या पिशवीत. १०० वॉट-तासांच्या वर असतील तर विमान कंपनीची परवानगी. १६० च्या वर असतील तर प्रवासी विमानात नाहीच. ड्रोनच्या आणि बाहेर उघड्यावर लावायच्या उपकरणांच्या मोठ्या बॅटऱ्या म्हणून जहाजानेच पाठवाव्या लागतात. रसायनं, दाबाखालचे सिलिंडर, फॉर्मालिन यांची धोकादायक माल म्हणून वेगळी नोंद होते. लपवून नेण्याचा विचारसुद्धा करू नका, एका बाटलीपायी सगळ्या चमूचं सामान अडकतं.

बूट आणि पिशव्या इतक्या बारकाईने का साफ करायला लावतात?

कारण तिथे आपल्याकडचं एक बी रुजलं तरी ते कायमचं नुकसान आहे. १९९१ च्या माद्रिद कराराने बाहेरचे जीव तिथे नेण्यावर बंदी घातली. त्याच करारामुळे १९९४ पर्यंत बर्फगाड्या ओढणारे कुत्रेदेखील अंटार्क्टिकातून हलवले गेले. सह्याद्रीत ट्रेकला वापरलेली सॅक असेल तर तिच्या वेल्क्रोच्या पट्ट्या भिंगाखाली बघा. कुसळं, गवताच्या बिया, लाल माती, सगळं अडकलेलं दिसेल. चिमट्याने एकेक काढावं लागतं. खिशांची शिवण उलटी करून व्हॅक्यूम फिरवा, बुटांच्या तळव्यांतल्या खाचा ब्रशने घासा. तास-दीड तास जातो आणि तो सत्कारणी लागतो. ही सॅक नेऊच नका हे त्याहून उत्तम.

केपटाऊनमध्ये थांबावं लागतं म्हणतात, ते का? किती?

उड्डाणाआधी सगळ्यांना एकत्र बसवून माहिती देतात आणि त्यानंतरही शब्द एकच असतो: तयार राहा. नोवोला ढग खाली आले, वारा आडवा झाला किंवा बर्फ उडायला लागला की उड्डाण पुढे जातं. कधी काही तास, कधी काही दिवस, कधी आठवडाही. यात कुणाचा गलथानपणा नसतो. त्या धावपट्टीला जवळपास दुसरा सोपा पर्याय नाही, म्हणून हवामानाचा अंदाज पूर्ण पटल्याशिवाय कुणी विमान सोडत नाही, आणि तेच योग्य आहे.

या दिवसांत फोन चालू ठेवा, शहराबाहेर लांब जाऊ नका, बॅग भरलेली ठेवा. उपकरण एकदा पूर्ण जोडून, चालवून, पुन्हा पेटीत घाला. विसरलेला स्क्रू-ड्रायव्हर विकत मिळण्याचं शेवटचं ठिकाण केपटाऊन आहे. घरच्यांना निघण्याची पक्की तारीख सांगू नका, ‘या आठवड्यात’ एवढंच सांगा. तारीख सांगितली आणि फोन आला नाही की आई रात्रभर जागी.

विमान आतून कसं असतं?

मालवाहू. पुढच्या भागात बसायच्या रांगा, मागे जाळ्यांनी आवळलेल्या पेट्या. खिडक्या नावापुरत्या. आवाज प्रचंड, कानात बोळे घालावेच लागतात, शेजाऱ्याशी बोलणं खुणांनी. उतरायच्या सुमाराला सगळे उठून ध्रुवीय कपडे चढवतात, कारण दार उघडताच थंडी आत येते. दाटीवाटीत तो जाड सूट घालायला वेळ लागतो. लांब बाह्यांचे आतले कपडे केपटाऊनहूनच घालून निघा, तिथल्या उन्हाळ्यात थोडं उकडलं तरी चालेल.

बर्फावर एवढं मोठं विमान उतरतं तरी कसं? घसरत नाही?

नोवोची धावपट्टी ‘निळ्या बर्फा’ची आहे, लांबी सुमारे तीन किलोमीटर. वारा तिथला ताजा हिम सतत उडवून नेतो आणि कोरड्या हवेत वरचा थर वाफ होऊन जातो, त्यामुळे खालचा जुना, दाबला गेलेला, हवेचे बुडबुडे जवळजवळ नसलेला बर्फ उघडा पडतो. तो दगडासारखा कठीण असतो आणि इल्युशिनची वीस चाकं त्याचा भार वाटून घेतात. खाली शेकडो मीटर बर्फच आहे.

घसरण्याचं म्हणाल तर ब्रेकचा उपयोग बेताचाच. वैमानिक मुख्यतः इंजिनांचा जोर उलटा फिरवून वेग कमी करतो आणि विमान लांबवर धावत जाऊन थांबतं. आत बसल्यावर जाणवतं ते असं: चाकं टेकल्याचा धक्का, मग नेहमीसारखा पुढे झोक जाण्याऐवजी नुसतीच दीर्घ गुरगुर. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं विमान थांबतच नाहीये. थांबतं.

ऐन उन्हाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, ऊन चोवीस तास लागून हा बर्फ मऊ पडू शकतो. तेव्हा जड विमानं मधे बंद ठेवतात. ‘नाताळच्या आठवड्यात जाऊन जानेवारीच्या मध्याला परत’ असली आखणी म्हणूनच मंजूर होत नाही.

उतरल्यावर मैत्रीपर्यंत?

जवळच आहे. गाडीने किंवा हेलिकॉप्टरने, जसं हवामान असेल तसं. उतरताच गॉगल लावा. ‘दोन मिनिटांनी लावतो’ म्हणणाऱ्याचे डोळे संध्याकाळी वाळू गेल्यासारखे चुरचुरतात.

आणि भारतीला जायचं असेल तर?

भारती मैत्रीपासून सुमारे ३,००० किलोमीटर पूर्वेला, लार्समान टेकड्यांत आहे. २०१२ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र १३४ शिपिंग कंटेनर जोडून बांधलंय. नोवोहून तिकडे बास्लर विमान जातं. जुन्या डीसी-३ चा सांगाडा लांबवून त्याला टर्बाइन इंजिनं आणि खाली स्की बसवलेलं हे विमान. ते लहान, म्हणून वजनाची मर्यादा आणखी कडक आणि हवामानाची वाट दोनदा पाहायची. भारतीचे बरेच लोक जहाजानेही जातात.

विमान आहे तर जहाज कशाला?

वर्षभराचं इंधन, धान्य, यंत्रांचे सुटे भाग आणि परत आणायचा कचरा विमानात मावत नाही. मैत्रीचं इंधन हिमपट्टाच्या कडेला जहाजातून उतरवून सुमारे शंभर किलोमीटर बर्फावरून पिस्टनबुली या पट्ट्यांवर चालणाऱ्या बर्फगाड्यांच्या ताफ्याने ओढत आणतात. ज्या चालकांच्या जिवावर आपला हीटर आणि आपली उपकरणं चालतात, त्यांना भेटा, त्यांच्याबरोबर चहा प्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यातल्या मोपा विमानतळावरून अंटार्क्टिकासाठी सुमारे १८ टन सामान घेऊन विमान निघालं, पण जहाजाची जागा त्याने घेतलेली नाही.

कामाला प्रत्यक्ष किती दिवस मिळतात?

मुक्काम दोन-तीन महिन्यांचा असला तरी बाहेर काम करता येण्याजोगे दिवस त्याहून पुष्कळ कमी. ब्लिझर्ड, म्हणजे हिमवादळ, आलं की बाहेर पडायला बंदी. हेलिकॉप्टर लागणारं काम असेल, उदाहरणार्थ वोल्थाट पर्वतरांगेत, तर त्याची पाळी, इंधन आणि ढग या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. प्रस्तावातच कामाची उतरंड लावा: हे झालंच पाहिजे, हे झालं तर बरं, हे वेळ उरला तर.

आणि प्रत्येक काम घरच्यापेक्षा हळू होतं. नवी मुंबईतल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची निरीक्षणं मैत्रीत अनेक वर्षं चालू आहेत, त्यांचंच उदाहरण घ्या. चुंबकीय निरीक्षणाच्या खोलीत शिरताना किल्ल्या, घड्याळ, पट्टा, मोबाइल, लोखंडी चेन असलेलं जाकीट, सगळं बाहेर ठेवायचं. कोन मोजणाऱ्या थिओडोलाइटचा बारीक स्क्रू जाड हातमोज्यात फिरत नाही, म्हणून मोजा काढायचा, स्क्रू केसभर हलवायचा, आकडा वाचायचा, बोटं बगलेत धरायची, पुन्हा मोजा काढायचा. पेन्सिलनेच लिहायचं, बॉलपेनची शाई गोठते. संस्थेच्या अलिबागच्या वेधशाळेत जे वाचन सहज उरकतं, त्याला इथे दुप्पट वेळ धरा. विजेच्या ट्राम येणार म्हणून मुंबईतल्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला न्यावी लागली होती. मैत्रीला असला चुंबकीय गोंगाट नाही, म्हणून त्या थंडीत बोटं गारठवण्याला अर्थ आहे.

थंडी सोसेल का?

उन्हाळ्यात मैत्रीला तापमान शून्याच्या आसपास घोटाळतं, कधी थोडं वर, कधी बरंच खाली. त्रास देतो तो वारा. आतल्या पठारावरची थंड, जड हवा उताराने खाली कोसळत येते. उणे १० अंशांत ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २१ सारखं वाटतं. घाम येईल इतकं अंगावर घालू नका, ओला कपडा कोरड्या थंडीपेक्षा वाईट. पाणी भरपूर प्या, हवा कमालीची कोरडी असते.

सूर्य मावळत नाही, मग झोप कशी येते?

सुरुवातीला येत नाही. साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य क्षितिजाखाली जात नाही. डोळ्यांवर पट्टी आणि ठरलेली वेळ, एवढाच उपाय. रात्रीच्या आकाशातला ध्रुवीय प्रकाश पाहायची हौस असेल तर उन्हाळी चमूला तो दिसणं अवघडच, अंधारच नसतो.

जेवणाचे हाल होतात का? शाकाहारी मिळतं?

मिळतं. स्वयंपाकी आपलेच असतात. डाळ, भात, पोळी, भाजी, इडली सगळं होतं. ताजी भाजी आणि फळं विमान आलं की काही दिवस. ‘गॅली ड्युटी’ मात्र प्रत्येकाला: प्राध्यापक असो वा वेल्डर, पाळी आली की भांडी, फरशी आणि कांदे. पाणी शेजारच्या प्रियदर्शिनी तळ्याचं, ते जपून वापरायचं. दिवाळीचा चिवडा-चकली नेलीत तर ती सगळ्यांत वाटायला न्या.

घरच्यांशी बोलता येतं का?

उपग्रहामार्फत फोन आणि इंटरनेट आहे, पण वेग सगळ्यांत वाटला जातो. व्हिडिओ कॉलची रोजची सवय लावून घेऊ नका.

आजारी पडलो तर?

केंद्रावर डॉक्टर असतात आणि गरजेपुरती शस्त्रक्रिया करण्याची सोयही. उन्हाळ्यात गंभीर रुग्णाला विमानाने केपटाऊनला हलवता येतं, पण तेही हवामान उघडल्यावर. हिवाळ्यात तो मार्ग जवळजवळ बंद. शेजारच्या रशियन नोवोलाझारेव्स्काया केंद्रावर १९६१ मध्ये डॉ. लिओनिद रोगोझोव्ह यांनी स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच कापून काढलं होतं, कारण तिथे दुसरा डॉक्टर नव्हता आणि बाहेर पडायचा रस्ताही नव्हता. तेव्हा तपासणीत जुना आजार लपवू नका. तो तुमच्यापुरता राहत नाही, तुम्हाला वाचवायला निघालेल्यांचा जीवही त्यात गुंततो.

मुलींना पाठवतात का?

पाठवतात. १९८३ च्या तिसऱ्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत गेल्या होत्या, भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया. अदिती पंत मूळच्या नागपूरच्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या, गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलेल्या. पालकांनी हा प्रश्न विचारण्याऐवजी मुलीचा प्रस्ताव कसा भक्कम होईल ते विचारावं.

शास्त्रज्ञ नसलो तर संधी आहे का?

नक्की. डॉक्टर, स्वयंपाकी, डिझेल मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, सुतार, संपर्क-यंत्रणेचे तंत्रज्ञ यांच्यावाचून केंद्र एक दिवस चालत नाही. जाहिराती गोव्याचं केंद्र काढतं. यातले बरेच जण वर्षभर, म्हणजे हिवाळाही, तिथे राहतात आणि त्यातले सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. घरच्यांशी नीट बोलूनच अर्ज करा.

नमुने परत कसे आणायचे? आठवण म्हणून एखादा दगड आणला तर?

परवान्यात लिहिलेलेच नमुने, लिहिलेल्या संख्येतच. गोठलेले नमुने आणि बर्फाचे गाभे (खोलवर कोरून काढलेली बर्फाची लांब नळकांडी) जहाजाच्या शीतकंटेनरमधून गोव्याला येतात, तिथे त्यांच्यासाठी उणे २० अंशांची प्रयोगशाळा आहे. विमानाने आणायचे झाले तर केपटाऊनला शीतसाखळी तुटणार नाही याची सोय आधीच लावा. दक्षिण गंगोत्री हिमनदीचा भाग विशेष संरक्षित आहे, तिथे वेगळ्या परवान्याशिवाय पाऊलही टाकायचं नाही. आठवणीचा दगड, पीस, शेवाळ, काहीही नाही. फोटो काढा, पण स्कुआ पक्ष्यांच्या घरट्यांपासून लांब राहून.

परतीचं विमान पुढे गेलं तर माझ्या रजेचं, परीक्षेचं काय?

परतीचं उड्डाणही जातानासारखंच हवामानावर. केपटाऊनहून भारताचं तिकीट बदलता येईल असंच काढलेलं असावं. फेब्रुवारीअखेरीस किंवा मार्चमध्ये परीक्षा, लग्न, मुलाखत असं काही ठेवू नका. विभागप्रमुखांकडून रजा मंजूर करून घेताना पंधरा दिवसांची जादा मुदत लेखी घ्या, आणि त्या पत्राची एक प्रत घरी ठेवून जा.